खरा गळा की तोतया? टीव्हीवरचा संगीतखेळ आपल्या मंचावर बसवताना

दक्षिण कोरियाच्या एमनेट वाहिनीवर २६ फेब्रुवारी २०१५ रोजी ‘आय कॅन सी युअर व्हॉइस’ सुरू झाला आणि गाण्याच्या स्पर्धेचा सगळा क्रमच उलटा झाला. इथे गाणं ऐकून गायक निवडत नाहीत. चेहरा, चाल, ओठांची हालचाल आणि दिलेली उत्तरं यांवरून कोण गातं आणि कोण नुसता आव आणतं हे आधी ठरवायचं, आणि ज्याला बाद केलं त्याला मग माईकसमोर उभं करायचं. वाद्यं सुरू होतात आणि पहिल्या ओळीलाच कळतं, आपण कुणाला घालवलं ते. पुढे थायलंड, फिलिपिन्स अशा अनेक देशांनी हा साचा उचलला. अमेरिकेत सप्टेंबर २०२० मध्ये तो फॉक्स वाहिनीवर केन जाँग यांच्या निवेदनात आला, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२१ मध्ये बीबीसी वनवर पॅडी मॅकगिनेस यांच्या.

संमेलनात किंवा एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमात हा खेळ करावा असं अनेकांना वाटतं, आणि बहुतेक ठिकाणी तो दुसऱ्या फेरीतच कोसळतो. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. गाणाऱ्यांत आणि न गाणाऱ्यांत गळ्याखेरीज दुसराही काही फरक राहून जातो: एकाचं रेकॉर्डिंग चकचकीत, दुसऱ्याचं घरगुती, एकाचा माईक चालू, दुसऱ्याचा बंद, एकाची तालीम झालेली, दुसऱ्याची नाही. प्रेक्षक मग गळा ओळखत नाहीत, हा फरक ओळखतात. गळा सोडून बाकी सगळं सारखं, हा एक नियम धरून पुढची कामं करायची. या लेखात जे खरोखर गातात त्यांना ‘खरे’ आणि जे आव आणतात त्यांना ‘तोतये’ म्हटलं आहे. निर्णय घेतो तो पाहुणा, आणि त्याला सल्ला देणारे तिघे ते पारखी.

आकडा कुणालाही सांगू नका

मंचावर सहा जण ठेवा. चारांत खेळ लवकर संपतो, आठांत चेहरे लक्षात राहत नाहीत. अमेरिकी आवृत्तीतही सहाच होते.

खरे किती आणि तोतये किती, हे मात्र पाहुण्याला, पारख्यांना आणि प्रेक्षकांना कळता कामा नये. तीन-तीन असं जाहीर केलंत आणि बाद झालेल्या पाचांत दोन खरे, तीन तोतये निघाले, तर उरलेला खरा आहे हे शेंबडं पोरही सांगेल. शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आधीच उत्सुकता संपते. ‘किमान एक खरा, किमान एक तोतया’ एवढंच सांगा.

हा आकडा आयोजकाने मनाने ठरवू नये. मनाने ठरवणारा माणूस हटकून तीन-तीनच करतो आणि चतुर प्रेक्षक तेच धरून चालतो. चार खरे आणि चार तोतये असे आठ जण तयार करा आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी फासा टाका. १ किंवा २ पडले तर दोन खरे, ३ किंवा ४ पडले तर तीन, ५ किंवा ६ पडले तर चार. बाकीच्या जागा तोतयांच्या. उरलेले दोघे राखीव. ऐन वेळी कुणाचा घसा बसला तर ते उपयोगी पडतात, आणि अशा कार्यक्रमात कुणाचा ना कुणाचा घसा बसतोच.

हा आकडा फक्त दोघांना माहीत असावा: दिग्दर्शन करणारा आणि ध्वनी सांभाळणारा. निवेदकाला सांगू नका. निवेदक कितीही मुरलेला असला तरी खऱ्या गायकाला बाद करताना त्याच्या चेहऱ्यावर हळहळ दिसते, आणि पारखी तिकडेच बघत बसलेले असतात. त्याच्या हातातल्या कार्डांवर नावाऐवजी क्रमांक असावा आणि प्रत्येक कार्डावरचा मजकूर साधारण सारख्याच लांबीचा असावा.

माणसं निवडताना

पहिली अट, या आठांपैकी कुणालाही प्रेक्षकांनी गाताना ऐकलेलं नसावं. सगळे एकमेकांना ओळखत असतील तर वेगवेगळ्या गटांतून, वेगवेगळ्या विभागांतून माणसं घ्या. ओळखीतल्या मंडळींत हा खेळ अवघड जातो तो याच कारणाने.

दुसरी अट कडक पाळा: मधले लोक घेऊ नका. ‘बरं गातो’ असा माणूस या खेळात निरुपयोगी आहे, कारण पहिल्या ओळीला सभागृहात एकच प्रतिक्रिया उमटायला हवी. त्याने गायला सुरुवात केली की लोक एकमेकांकडे बघतात आणि विचारतात, मग हा खरा की तोतया? चाचणी सोपी आहे. फोनवरचं कुठलंही ट्यूनर ॲप लावा आणि चार ओळी गाऊन घ्या. दोन लगतच्या अर्धस्वरांमधलं अंतर १०० सेंट असतं. खऱ्याचे लांब धरलेले सूर साधारण २० सेंटच्या आत बसायला हवेत. तोतयाचे सूर पुन्हा पुन्हा १०० सेंटपलीकडे घसरले पाहिजेत. या दोहोंमध्ये जो येतो त्याला आभार मानून प्रेक्षकांत बसवा.

चांगल्या गायकाला ‘तू मुद्दाम वाईट गा’ असं कधीही सांगू नका. ते लगेच उघडं पडतं. त्याचा सूर ठरवून घसरतो पण ठेका पक्का राहतो, शब्द समेवर अचूक पडतात, श्वास जागच्या जागी येतो. खरा बेसूर माणूस तालालाही थोडा पुढे-मागे असतो आणि चुकीच्या सुरावर अतिशय आत्मविश्वासाने उभा राहतो. त्या आत्मविश्वासातच या खेळाची गंमत आहे.

बेसूर माणूस बहिरा असतो, हा समज सोडून द्या. सूरच न कळणं, म्हणजे जन्मजात अम्युझिया, ही अवस्था फार थोड्या लोकांत असते. पूर्वी तिचं प्रमाण चार टक्के मानलं जाई. मॉन्ट्रियलच्या इझाबेल पेरेट्झ यांच्या २०१७ च्या अभ्यासात ते दीड टक्क्याच्या आसपास आलं. बाकीच्या बेसूर मंडळींना दुसऱ्याची चूक नीट ऐकू येते, फक्त स्वतःचा गळा हवा तिथे लागत नाही. म्हणजे आपण वाईट गातो हे त्यांना ठाऊक असतं, आणि म्हणूनच त्यांची संमती नीट घ्यायला हवी. हजारभर लोकांसमोर हशा होणार आहे हे आधी स्पष्ट सांगा. आपण उत्तम गातो असा गैरसमज असलेल्याला न सांगता तोतया म्हणून उभं करणं हा दुष्टपणा आहे. खेळात त्याला जागा नाही.

प्रत्येक तोतयासाठी एक उसना गळा लागेल, म्हणजे ज्याच्या आवाजावर तो ओठ हलवणार तो गायक. चार तोतयांना चार वेगळे गायक. एकाच हौशी गायकाकडून सगळी गाणी गाऊन घेतली की दुसऱ्या फेरीत दोन माणसांच्या तोंडून एकच आवाज निघतो आणि दोघेही एकदम गेले. शिवाय तोतयाचा बोलण्याचा आवाज आणि उसना गळा यांचा मेळ बसायला हवा, कारण चौथ्या फेरीत तो बोलणार आहे. पुरुषांचा बोलण्याचा आवाज साधारण १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास असतो, बायकांचा १८० ते २२० च्या. खर्जात बोलणाऱ्याला पातळ, चढ्या पट्टीचा गळा दिलात तर उलटतपासणी हवीच कशाला?

रेकॉर्डिंग: एकच खोली, एकच माईक

मूळ कार्यक्रमात ओठांच्या फेरीत खरा गायक स्वतःच्याच रेकॉर्डिंगवर ओठ हलवतो आणि तोतया दुसऱ्याच्या. म्हणून आठही गाणी नव्याने रेकॉर्ड करा. इंटरनेटवरचं तयार गाणं तोतयाला लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. स्टुडिओतला तो झळाळ पहिल्या दोन सेकंदांत कळतो.

सगळे आवाज एका खोलीत, एकाच माईकवर, शक्यतो एकाच दिवशी घ्या. फोन वापरला तरी चालेल, पण मग सगळ्यांना तोच फोन. तोंडापासून अंतर १५ ते २० सेंटिमीटर, माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला, म्हणजे प-फ-भ चे फुत्कार बसत नाहीत. सर्वांत मोठ्या आवाजाला मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. नंतर आठही फायलींचा आवाज कानाला सारखा वाटेल असा करा. एखादी फाईल दोन-तीन डेसिबलने मोठी असेल तर श्रोत्यांना ती ‘जास्त चांगली’ वाटते, कारण न कळता. घुमारा द्यायचा तर सगळ्यांना सारखाच. सूर सुधारणारं सॉफ्टवेअर कुणालाच नको.

श्वासांचे आवाज कापू नका. हे विशेष सांगायचं कारण असं की हल्लीची ॲप्स ते आपोआप साफ करतात. ती सोय बंद ठेवा. पुढच्या तालमीला हेच श्वास लागणार आहेत.

खऱ्या गायकाचं सर्वांत निर्दोष रेकॉर्डिंग निवडायची गरज नाही. दुसरं किंवा तिसरं घ्या. उसन्या गळ्यांचंही तसंच. एका ओळीत थोडासा कंप, एखादा चोरश्वास राहिला तर आवाज माणसाचा वाटतो. फायलींना नावं देऊ नका, फक्त क्रमांक. मिक्सरशेजारचा लॅपटॉप पाहून गुपित फुटल्याची उदाहरणं कमी नाहीत.

ओठांची तालीम

इथे वेळ घाला. बाकी सगळं दोन संध्याकाळींत होतं. याला प्रत्येक तोतयामागे किमान सहा-सात बैठका लागतात.

डोळ्यांना जे दिसतं ते कान बदलून ऐकतात, हे मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवलं. ऐकवलेला उच्चार एक आणि दिसणाऱ्या ओठांचा दुसरा असला, तर बऱ्याच लोकांना तिसराच ऐकू येतो. याचा फायदा तोतयाला मिळतो. ओठ बऱ्यापैकी जुळले की मेंदू उरलेलं भरून काढतो. पण काही अक्षरांना माफी नाही. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरं. यांपैकी प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटायलाच लागतात, आणि ते मिटले की नाही हे शेवटच्या रांगेतूनही दिसतं. क, ग, च, न कुणाला दिसत नाहीत. म्हणून तालीम अशा क्रमाने घ्या:

१. गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरांत छापा. रेकॉर्डिंग ऐकत प्रत्येक श्वासाच्या जागी उभी रेघ मारा आणि प्रत्येक ओष्ठ्य अक्षराभोवती गोल करा. चाळीस सेकंदांच्या तुकड्यात साधारण आठ-दहा श्वास निघतात.

२. सूर बाजूला ठेवून शब्द फक्त तालात बोला. दहा-पंधरा वेळा, पाठ होईपर्यंत. शब्द आठवावा लागला की डोळे वर जातात आणि ते पारख्यांना दिसतं.

३. आता श्वास. रेकॉर्डिंगमध्ये श्वास ऐकू येतो त्याच्या किंचित आधी छाती हलायला हवी. तोतये इथेच मरतात: शब्द जुळतात, पण लांब ओळीआधी श्वासच घेत नाहीत, किंवा श्वासाचा आवाज येऊन गेल्यावर खांदे उचलतात. श्वास खांद्याने न घेता पोटाने घ्यायला शिकवा. मुरलेल्या गायकाचे खांदे हलत नाहीत.

४. चढ्या सुरांना जबडा उघडतो. ‘आ’ असो वा ‘ए’, तार सप्तकात तोंड मोठं होतं आणि हनुवटी किंचित खाली येते. तोतया उलट करतो, हनुवटी वर करून भुवया चढवतो. चित्रपटात पाहिलेला तो अभिनय सोडवायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

५. माईकचं अंतर. हळू ओळीला ५ ते ८ सेंटिमीटर, जोरकस सुराला हात आपोआप १५-२० पर्यंत लांब. ज्यांनी माईकवर गायलं आहे त्यांचा हात हे न सांगता करतो. तोतयाचा माईक आइसक्रीमच्या कांडीसारखा एकाच जागी खिळलेला असतो.

६. सुराचा शेवट. सूर विरत जात असताना तोंड उघडंच राहतं आणि आवाज थांबल्यावर मिटतं. घाईने मिटलेलं तोंड ही पारख्यांची आवडती खूण.

७. फोनवर चित्रण करा आणि आवाज बंद करून पाहा. मग आवाज लावून पाहा. गोल केलेल्या अक्षरांपैकी चारापेक्षा जास्त चुकली तर पुन्हा दुसऱ्या पायरीपासून.

इतकी तालीम तोतयांची करून घेतली आणि खऱ्यांना ‘तुमचंच गाणं आहे, तुम्हाला काय शिकवायचं’ म्हणून सोडून दिलं, तर एक विचित्र प्रकार होतो. खरे गायक आपल्याच रेकॉर्डिंगवर ढिसाळपणे ओठ हलवतात. मंचावर त्यांना वेगळीच जागा घ्यावीशी वाटते, शब्द लांबवावासा वाटतो, आणि रेकॉर्डिंग तर ठरल्याप्रमाणे पुढे जातं. तोतये चोख आणि खरे गडबडलेले. एखादा खरा असा गेला तर मजा येते, सगळेच गेले तर फेरी उलटी वाचली जाते. खऱ्यांनाही किमान तीन बैठका द्या. ‘गळा अजिबात लावू नका, पण श्वास पूर्ण घ्या’ ही सूचना दोघांनाही.

फेऱ्या आणि घड्याळ

पहिली फेरी फक्त पाहण्याची. प्रत्येकाला तीस सेकंद: चालत यायचं, उभं राहायचं, एक हावभाव. बोलायचं नाही. चर्चेला चार मिनिटं, मग एक बाद. ही फेरी निव्वळ अंदाजाची आहे आणि तशीच ठेवावी. इथे पाहुण्याचा हमखास पोपट होतो आणि सभागृह मोकळं होतं.

दुसरी ओठांची. पाचही जण, प्रत्येकी चाळीस सेकंद, मुखडा आणि निदान एक चढी ओळ. या फेरीत दोघे बाद.

तिसरी पुराव्याची. उरलेल्या तिघांचे प्रत्येकी एक मिनिटाचे फोटो, चित्रफीत किंवा वस्तू. तोतयाचा पुरावा रचताना एकच खोटं घाला, बाकी सगळं खरं ठेवा. तबला वाजवणारा पण न गाणारा माणूस इथे सोन्यासारखा असतो: फोटो खरे, मंच खरा, रियाझ खरा. खोटं फक्त ‘गातो’ एवढंच. संपूर्ण रचलेली कहाणी पुढच्या फेरीत दोन प्रश्नांत फुटते. एक बाद.

चौथी उलटतपासणी. दोघे, प्रत्येकी दोन मिनिटं. एक बाद, आणि शेवटी उरलेल्याचं पाहुण्याबरोबर गाणं.

कागदावर हे सगळं साठ मिनिटांत बसतं, मंचावर पंचाहत्तर लागतात. बाद झालेल्याच्या गाण्याआधी वाद्यांचा तुकडा ८ ते १२ सेकंदांचा असावा. त्याहून लहान असला तर ताण चढत नाही, वीस सेकंदांच्या पुढे गेला तर लोक बोलायला लागतात. आणि प्रत्यक्ष गाणं एक मिनिटाच्या आत संपवा, विशेषतः तोतयाचं. बेसूर गाण्याला पहिल्या ओळीला हशा येतो, दुसऱ्या अंतऱ्याला दया.

ध्वनी

ओठांच्या फेरीचा माईक आणि खऱ्या गाण्याचा माईक वेगवेगळे ठेवा. पहिला पूर्ण मुका: त्याचं बटण चालू दिसलं तरी मिक्सरवर त्याचा मार्ग बंद. बिनतारी माईकचा दिवा सगळ्यांच्या हातात सारखाच पेटलेला दिसायला हवा. दुसरा माईक मंचाच्या बाजूला स्टँडवर, बाद झालेल्यांसाठी. एकाच माईकने दोन्ही कामं केली की साउंडवाल्याचा हात कधीतरी चुकतो आणि तोतयाची कुजबुज सभागृहभर ऐकू येते.

ओठ हलवणाऱ्याच्या पायाशी मॉनिटर स्पीकर हवाच, आणि तो तारेने जोडलेला. ब्लूटूथ स्पीकरमधून आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा येणं नेहमीचं आहे. मुख्य स्पीकर तारेवर आणि मंचावरचा ब्लूटूथवर असेल, तर माणूस बिचारा उशिरा आलेल्या आवाजाला ओठ जुळवतो आणि प्रेक्षकांना तो प्रत्येक शब्दाला मागे दिसतो. त्याची काहीही चूक नसते.

मोठ्या पडद्यावर चेहरा दाखवायचा मोह होतोच. त्याआधी हे लक्षात घ्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला खटकू लागतो, मागे पडला तर मात्र १२५ पर्यंत कळत नाही. कॅमेरा आणि प्रोजेक्टर मिळून चित्र दोन-चार फ्रेम उशिरा दाखवतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ८० ते १६० मिलिसेकंद. म्हणजे आवाज पुढे आणि चित्र मागे, नेमकी न खपणारी बाजू. मग खरेसुद्धा तोतये वाटतात. मिक्सरवर मुख्य आवाजाला तेवढा विलंब देता येतो, पण तो दिला की पडदा न बघता थेट मंच बघणाऱ्यांना ओठ पुढे दिसतात. आमचं मत विचाराल तर ओठांच्या फेरीत पडदा बंदच ठेवावा. लांब बसलेल्यांची काळजी नको. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, पंधराव्या मीटरवरच्या माणसाला पंचेचाळीस उशिरा, आणि ते खपून जातं.

उलटतपासणीत काय विचारावं, काय नाही

बंदी आधी जाहीर करा: गुणगुणायला सांगायचं नाही, ‘सा’ लावायला सांगायचं नाही, टाळी देऊन ताल धरायला सांगायचं नाही. बाकी सगळं मोकळं.

पारख्यांसाठी चांगले प्रश्न ते, ज्यांची उत्तरं पुस्तकात नसून शरीरात असतात. ‘तुमची पट्टी कोणती?’ याला खरा गायक क्षणात ‘काळी एक’ किंवा ‘काळी चार’ म्हणतो. तोतयाही हे पाठ करून येतोच, म्हणून पुढचा प्रश्न महत्त्वाचा: ‘मग आताच्या गाण्यात कुठल्या शब्दाला ताण आला?’ किंवा ‘ती लांब ओळ एका श्वासात जमत नसेल तर कुठे तोडता?’ खरा माणूस उत्तर देताना नकळत मान किंवा हात हलवून ती जागा दाखवतो.

तोतयाला दहा प्रश्न आधी द्या, पण दहाही उत्तरं तयार देऊ नका. सहा पुरेत. दोन प्रश्नांना ‘आठवत नाही’ म्हणू दे, कारण खरे गायक असंच म्हणतात. सगळं फाडफाड सांगणारा संशयित ठरतो. पुरुष तोतयाने काळी एक-दोन आणि बाईने काळी चार-पाच सांगितलं तर कुणी भुवई उंचावणार नाही. उलट सांगितलं तर पारख्यांतला जाणकार तिथेच पकडेल.

शेवटचं गाणं आणि बक्षीस

कोण उरेल ते कुणालाच माहीत नसल्यामुळे शेवटचं गाणं आठही जणांकडून बसवून घ्यावं लागतं, तोतयांकडूनही. ट्रॅक पाहुण्याच्या पट्टीत, आणि पुरुष-स्त्री अशा दोन शक्यतांसाठी दोन आवृत्त्या, साधारण चार-पाच अर्धस्वरांच्या फरकाने. पाहुण्याची तालीम एखाद्या तिऱ्हाईत गायकाबरोबर घ्या. गाण्यात पहिल्या दोन ओळी पाहुण्याच्या, मग उरलेल्याचा प्रवेश. दोघांनी एकदम सुरुवात केली की मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो आणि सगळ्या कार्यक्रमाचा क्षण वाया जातो. तोतया निघाला तरी पाहुण्याने गाणं सोडायचं नाही, हे त्याला आधी सांगून ठेवा.

बक्षिसाची रचना कोरियन मूळ कार्यक्रमाकडून शिकावी. पहिल्या हंगामात शेवटी खरा उरला तर पाहुण्या कलाकाराबरोबर त्याचं गाणं डिजिटल स्वरूपात प्रकाशित होई, तोतया उरला तर त्याला ५० लाख वॉन मिळत. म्हणजे टिकून राहण्यात दोघांचाही स्वार्थ. अमेरिकेत पैसा ओळखणाऱ्याच्या हातात होता: प्रत्येक तोतया बाद केल्याचे १५ हजार डॉलर, आणि शेवटी मिळालेले घेऊन थांबायचं की एक लाखासाठी उरलेल्यावर पैज लावायची हा पेच. ब्रिटनमध्ये १० हजार पौंड. छोट्या मंचासाठी कोरियन पद्धतच बरी, कारण तोतयाला काहीतरी मिळणार असेल तरच तो तालमीला वेळेवर येतो.

ऐन वेळचे घोटाळे

विंगेत खरे आणि तोतये वेगळे बसवू नका. खरे रियाझ करू लागतात, तोतये गप्पा मारतात, आणि चहा घेऊन गेलेला पोऱ्या बाहेर येऊन सांगतो. गळा गरम करायची वेळ सगळ्यांना दुपारीच, सभागृहाबाहेर द्या. उसन्या गळ्याचे गायक कार्यक्रमाला येणार असतील तर त्यांना शेवटच्या रांगेत बसवा. आपलाच आवाज ऐकून चेहरा हसतो.

रेकॉर्डिंग मध्येच थांबलं, तर ओठ हलवणाऱ्याने थांबायचं नाही. माईक बिघडल्यासारखा तो झटकायचा आणि निवेदकाकडे बघायचं. खरा आणि तोतया दोघांनीही हेच करायचं ठरलेलं असेल तर काही फुटत नाही. दिग्दर्शकाने त्या फेरीचं गाणं पहिल्यापासून लावायला सांगावं. त्यासाठी सगळ्या फायली दुसऱ्या यंत्रावर, त्याच क्रमाने, आधीच भरून ठेवलेल्या असाव्यात. कार्यक्रम संपल्यावर उसन्या गळ्याच्या गायकांना मंचावर बोलावून नावानिशी सांगा कोण कुणाच्या तोंडून गायलं ते, आणि तोतयांच्या गाण्याचं चित्रण त्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.